काकांचा गिल्ट फंड, भावाचं होम लोन आणि ४ मे २०२२

२०२२ ची अक्षय्य तृतीया ३ मे ला होती, मंगळवार. त्याच दिवशी ईद पण होती त्यामुळे शेअर बाजार बंद. काकांकडे पुरणपोळी आमरस झाला आणि दुपारी जेवून सुस्तावल्यावर काका म्हणाले उद्या एलआयसीचा आयपीओ उघडतोय, तू गाळ्यावर ये आणि माझा अर्ज भरून दे, मला त्या मोबाईलवर जमत नाही. काका म्हणजे माझे सख्खे चुलते, सांगलीत बेदाण्याचे व्यापारी. मी घरातला हिशोबनीस, म्हणजे रिटर्न भरायचे, बँकेचे कागद वाचायचे, आणि काही बिघडलं की शिव्या खायच्या. तर बुधवारी दुपारी मी मार्केट यार्डात त्यांच्या गाळ्यावर गेलो, उन्हानं रस्ता पेटलेला, अर्ज भरून झाला, चहा सांगितला आणि मोबाईलवर बघतो तर दोन वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास बोलायला बसलेले. मला आधी वाटलं जुना व्हिडिओ आहे, कारण पतधोरणाची पुढची बैठक ६ ते ८ जूनला होती. पण नाही. मधेच, कुणाला न सांगता, २ आणि ४ मे ला बैठक घेऊन टाकली होती आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना उसने पैसे देते तो, ४.०० टक्क्यांवरनं ४.४० केला. वर सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींतला जेवढा हिस्सा रिझर्व्ह बँकेकडं ठेवायचा तो, पण अर्धा टक्का वाढवला, ४ वरनं ४.५०, २१ मे पासून लागू.

पुढच्या दीड तासात जे झालं ते आणि त्याच्या पुढच्या वर्षभरात आमच्या एका घरात जे झालं ते मी इथं सविस्तर लिहितोय. टीव्हीवाले "दर वाढला, बाजार पडला" एवढ्यावर थांबतात, आणि आमच्या घरात त्या एका दरानं तीन ठिकाणी तीन वेगळ्या तऱ्हेनं मारलं, आणि जिथं सगळ्यात जास्त लागलं तिकडं दहा महिने कुणाचं लक्ष नव्हतं, माझं पण नाही.

आधी घरात काय काय होतं ते सांगतो.

काकांनी २०२१ च्या सुरवातीला एक प्लॉट विकला. त्यातले २० लाख बाजूला ठेवायचे होते, कारण बहिणीचं, म्हणजे काकांच्या मुलीचं, लग्न दोनेक वर्षांत करायचं असं घरात चाललेलं. त्यावेळी एफडीला पाच साडेपाच टक्के मिळत होते आणि काका वैतागलेले, म्हणायचे एवढ्यात तर गोडेतेलाचा डबा पण निघत नाही. कुणीतरी ओळखीच्यानं सांगितलं गिल्ट फंडात टाका, सरकारी रोखे असतात, बुडायचा प्रश्न नाही, आणि गेल्या वर्षी दहा टक्क्यांच्या वर दिलेत. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हीच तर गंमत. सरकारी रोखे बुडत नाहीत आणि २०२० ला गिल्ट फंडांनी खरंच तसे पैसे दिलेले, कारण कोविडमधे रेपो ५.१५ वरनं ४.०० वर आणला होता. फॉर्म मीच भरला. एवढं मान्य करतो आणि पुढं जातो.

दुसरं, सीसी. बेदाण्याचा धंदा ज्याला माहितीये त्याला सांगायला नको, फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर माल सुकतो, व्यापारी घेतो, कोल्ड स्टोअरेजला लावतो, आणि मग दिवाळीपर्यंत भाव बघत बघत काढतो. दिवाळीच्या सुमाराला सौदे बंद ठेवून शून्य पेमेंट करायची पद्धत आहे, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांची देणी मिटवायची. तोपर्यंत पैसा अडकलेला, तो बँकेच्या कॅश क्रेडिटचा. काकांनी त्या मे महिन्यात ७० लाख उचललेले होते ९ टक्क्यांनी, आणि ते व्याज रेपोला जोडलेलं होतं.

तिसरं, भावाचं होम लोन. चुलत भाऊ कुपवाड एमआयडीसीत कामाला, त्यानं सप्टेंबर २०२१ ला विश्रामबागला फ्लॅट घेतला, ३० लाखाचं कर्ज, २० वर्षं, व्याज ६.७० टक्के, म्हणजे रेपो ४ अधिक बँकेचे २.७०. हप्ता २२,७२२. तेव्हा ६.७० म्हणजे कसला स्वस्त दर, पेढे वाटलेले आम्ही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या हातात नसलेल्या दराला, जोडायला लागतं आणि तीन महिन्यांत एकदा तरी दर रिसेट करायला लागतो, बहुतेक बँकांनी रेपोच धरला. दर खाली येत होते तोवर सगळ्यांना हे फार आवडलं.

तर ४ मे. दास बोलायला लागले आणि सेन्सेक्स घसरायला लागला, दिवसअखेर १,३०७ अंकांनी खाली, ५५,६६९ वर बंद. निफ्टी ३९१ अंकांनी पडून १६,६७७. काका शेअरचा आकडा बघून एवढे घाबरले नाहीत कारण त्यांचे शेअर नव्हतेच. मी मात्र रोख्यांकडं बघत होतो. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे आजच्या भावानं रोखा घेतला तर वर्षाला किती टक्के पडतात ते, २ मे ला ७.१२ च्या आसपास होतं ते ७.३८ ला गेलं. पाव टक्का एका दिवसात. शेअरवाल्यांना हा आकडा किरकोळ वाटतो पण रोख्यांच्या बाजारात हा भूकंप असतो.

काकांना मी म्हणलं, तुमच्या फंडाची किंमत आज खाली येणार. ते म्हणाले, "आरं व्याज वाढलं ना? मग मला जास्त मिळायला पाहिजे. आन सरकारी हाय म्हटल्यावर खाली जातंयच कसं?"

हा प्रश्न मला तेव्हापासून निदान पंधरा जणांनी विचारलाय, प्रोफेसर धरून. काकांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. त्यावेळचा जो दहा वर्षांचा मुख्य रोखा होता तो ६.५४ टक्क्यांचा, जानेवारी २०३२ ला संपणारा. म्हणजे १०० रुपयांच्या कागदावर वर्षाला ६ रुपये ५४ पैसे, ठरलेले, ना एक पैसा जास्त ना कमी. आता बाजारात नवीन गिऱ्हाईक ७.३८ मागतंय. तुमच्याकडं तोच जुना माल आहे ज्यात वर्षाला ८४ पैसे कमी मिळतात, आणि ते एक वर्ष नाही, पावणेदहा वर्षं कमी मिळणार. कोण घेईल १०० ला? भाव पाडायला लागणार. ती सगळ्या वर्षांची खोट आजच्या पैशात धरली की पावणेसहा रुपये होते, म्हणून १०० चा कागद ९४ रुपये २५ पैशाला. दोन दिवसांपूर्वी तोच ९६ च्या जवळ होता. एका दुपारी पावणेदोन रुपये गेले. पैसे बुडाले नाहीत, सरकार २०३२ ला १०० देणारच आहे, पण आज विकायला गेलात तर ९४.

आणि हेच जर ९१ दिवसांचं ट्रेझरी बिल, म्हणजे सरकारचाच तीन महिन्यांचा कागद, असतं तर दर अर्धा टक्का वाढला तरी १०० रुपयाला १२ पैसे फरक, कारण खोट फक्त तीन महिन्यांची. तिथं मग काकांना पेव आठवलं. हरिपूरला पूर्वी हळद पेवात ठेवायचे, जमिनीत खोल खड्डा, वर्षानुवर्षं टिकायची, पण पेवात घातलेली हळद आठवड्याच्या बाजारासाठी कुणी काढत नाही. २० लाख होते लग्नाचे, दोन वर्षांत लागणारे, आणि ते आम्ही पेवात घातले होते. काका हे ऐकून दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले मग फॉर्म भरताना बोलला नाहीस. खरंय.

आता हे रिझर्व्ह बँकेनं केलं का, हे पण थोडक्यात. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं, कच्चं तेल पेटलं, एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली. मार्चची किरकोळ महागाई ६.९५ टक्के आलेली, आणि कायद्यानं रिझर्व्ह बँकेला ती ४ टक्क्यांवर, फार तर ६ पर्यंत ठेवायचीय. सांगलीत हे कळायला आकडे बघायची गरज नव्हती, भडंगच्या पुड्याचा भाव बघितला तरी कळत होतं. नंतर एप्रिलचा आकडा ७.७९ आला. आणि त्याच ४ मे च्या रात्री अमेरिकेच्या फेडनं, म्हणजे तिथल्या रिझर्व्ह बँकेनं, दर अर्धा टक्का वाढवला. सीआरआर वाढवल्यामुळं बँकांकडचे ८७ हजार कोटी रिझर्व्ह बँकेकडं जाऊन पडणार होते, म्हणजे पैसा महाग पण केला आणि कमी पण केला, एकाच दिवशी. माझ्या मते निर्णय बरोबर होता, उशीरच झाला होता, पण माझ्या मताला मार्केट यार्डात कोण विचारतंय.

एलआयसीचं पण सांगून टाकतो म्हणजे तो विषय संपेल. पॉलिसीधारक म्हणून काकांना ९४९ चा शेअर ६० रुपये सवलतीनं ८८९ ला मिळाला, १५ शेअरचा लॉट. १७ मे ला एनएसईवर तो ८७२ ला उघडला. नुकसान २५५ रुपये. या २५५ रुपयांवर काका जेवढं बोललेत तेवढं त्या २० लाखांवर बोलले नाहीत, अजून लग्नकार्यात कुणी एलआयसीचा एजंट भेटला की निघतंच.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो भाग. काकांच्या डोक्यात एक सरळ हिशोब बसला होता की दर वाढला की बाजार पडतो, जास्त वाढला की जास्त पडतो. त्यामुळं ८ जूनला जेव्हा अर्धा टक्का वाढणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांनी मला आदल्या रात्री फोन केला की उद्या तर मे पेक्षा मोठा दणका बसणार. दर वाढला, ४.४० चा ४.९०, मे पेक्षा जास्त. सेन्सेक्स किती पडला? २१५ अंक. काहीच नाही. का, तर दास २३ मे ला टीव्हीवर येऊन सांगून गेले होते की जूनमधे दर वाढणार हे सांगायला काही डोकं लागत नाही. सगळ्यांनी आधीच भाव लावून ठेवलेला. पुढं ३० सप्टेंबर बघा, पुन्हा अर्धा टक्का, ५.४० चा ५.९०, आणि सेन्सेक्स त्या दिवशी १,०१७ अंकांनी वर! अर्धा टक्का येणार हे धरलेलंच होतं, त्याहून वाईट काही आलं नाही, बोलणं पण फार कडक नव्हतं, झालं, लोकं खरेदीला आली. तोच अर्धा टक्का.

बेदाण्याच्या सौद्यात हे काकांना रोज दिसतं खरं तर. अवकाळी पाऊस पडणार असं आठ दिवस आधीपासनं सगळ्यांना माहीत असेल तर पावसाच्या दिवशी भाव हलत नाही, आधीच हललेला असतो. ज्या पावसाची कुणाला खबर नसते तो भाव हलवतो. ४ मे चा पाऊस तसला होता, बैठक जूनची धरून लोकं बसलेली आणि वीज मे मधे पडली. ०.४० हा आकडा महत्त्वाचा नव्हताच, कॅलेंडर सोडून केलेला होता हे महत्त्वाचं होतं, कारण त्यातनं बाजारानं असा अर्थ काढला की रिझर्व्ह बँकेला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटतीय, म्हणजे पुढं अजून बरंच येणार. यील्डमधे पाव टक्का चढला तो त्या "पुढं अजून येणार" चा होता.

आणि ते किती अचूक होतं बघा. त्यानंतर रेपो चढतच गेला, ऑगस्टला ५.४०, सप्टेंबरअखेर ५.९०, ७ डिसेंबरला ६.२५, ८ फेब्रुवारी २०२३ ला ६.५०. म्हणजे ४ मे च्या संध्याकाळपासून अजून २.१० टक्के वाढला. आणि दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड? फेब्रुवारी २०२३ ला साधारण ७.३५ च्या आसपास, जवळजवळ तिथंच जिथं ४ मे ला होतं. मधे जूनच्या मध्याला ७.६ पर्यंत गेलेलं, मग उतरलं. म्हणजे लांबच्या रोख्यानं जी पडायची ती पडझड सुरवातीलाच उरकून घेतली आणि मग रेपो चढत असताना निवांत बसून राहिला. हे मला स्वतःला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर सगळ्या तारखा आणि आकडे एका कागदावर लिहिले तेव्हा दिसलं.

काका मात्र त्या जूनच्या मध्यालाच बाहेर पडले. १० जूनला अमेरिकेची महागाई ८.६ टक्के आली, १३ जूनला सोमवारी सेन्सेक्स १,४५७ अंकांनी कोसळला, १५ ला फेडनं पाऊण टक्का वाढवला, आणि शुक्रवारी १७ तारखेला काकांनी मला सांगितलं काढ सगळे. काढले. १६ महिन्यांनी २० लाखांचे १९ लाख ९२ हजार आले. १७ जूनला सेन्सेक्स ५१,३६० ला बंद झाला आणि तोच त्या सगळ्या पडझडीचा तळ निघाला. आमच्या घराण्याला तळ ओळखायची देणगीच आहे, फक्त आम्ही तिथं विकतो.

ते पैसे मग सहा महिन्यांच्या एफडीत गेले, साडेचार टक्क्यांनी. डिसेंबरात लग्न होतं, तेव्हा हातात २० लाख ३७ हजारांच्या आसपास आले. फंडात तसेच राहिले असते तर यील्ड ७.६ वरनं ७.३ ला उतरल्यामुळं आणि सहा महिन्यांच्या व्याजामुळं २१ लाखांच्या जवळपास झाले असते असा माझा अंदाज. म्हणजे साठ पासष्ट हजारांचा फरक. पण म्हणून मी काकांना चुकलात असं म्हणणार नाही. लग्नाची तारीख ठरलेली, हॉलचा ॲडव्हान्स दिलेला, आणि यील्ड आठला जाणार असं म्हणणारे चिक्कार होते त्यावेळी. ते गेलं असतं तर? सहा महिन्यांवर मुलीचं लग्न असताना बापानं बाँड मार्केटवर डाव लावायचा नसतो. चूक जून २०२२ ची नव्हती, फेब्रुवारी २०२१ ची होती, ज्या दिवशी दोन वर्षांत लागणारा पैसा सहा सात वर्षांच्या ड्युरेशनच्या फंडात घातला. ड्युरेशन म्हणजे ढोबळमानानं असं की यील्ड एक टक्का वाढलं तर तेवढे टक्के किंमत पडणार, सहा असेल तर सहा टक्के. हा आकडा फंडाच्या महिन्याच्या फॅक्टशीटवर छापलेला असतो. आम्ही गेल्या वर्षीचा परतावा वाचला आणि हा वाचला नाही.

आता सीसी, ज्याच्यावरनं काका रात्र रात्र झोपत नव्हते. ९ टक्क्यांचे टप्प्याटप्प्यानं साडेअकरा झाले. ७० लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला पावणेदोन लाख, ऐकायला केवढा मोठा आकडा. पण किलोवर आणून बघा. समजा बेदाणा २०० रुपये किलोनं घेतलाय, तर एका किलोला महिन्याला व्याज आधी दीड रुपया पडत होतं, साडेअकरानं ते १ रुपया ९२ पैसे झालं. सहा महिने माल धरला तर ९ रुपयांच्या जागी साडेअकरा. किलोमागं अडीच रुपये. बेदाण्याचा भाव एका सौद्यात याच्यापेक्षा जास्त हलतो, रंग जरा उतरला तरी अडीच रुपये जातात. शिवाय ७० लाख वर्षभर उचललेले नसतात, माल निघेल तसे खाली येतात, आणि २.५० टक्के एकदम नाही वाढले. त्या वर्षी प्रत्यक्षात जादा व्याज गेलं ते पाऊण लाखाच्या आतच. काकांनी थोडा माल गणपतीच्या आधीच काढून उचल कमी केली. व्यापारी माणूस इथं बरोबर वागला कारण हा पैसा तो रोज हाताळतो. छोट्या मुदतीचं कर्ज असंच असतं, दुखतं लगेच पण बरं पण लगेच होतं.

आणि भाऊ. हा सगळा गोंधळ चालू असताना तो एकदम शांत. त्याचा हप्ता २२,७२२ होता, तो जूनमधे पण २२,७२२, सप्टेंबरमधे पण तोच, डिसेंबरमधे पण तोच. तो म्हणायचा टीव्हीवर उगाच ओरडतात, माझा तर एक रुपया वाढला नाही. मी पण म्हणलं बरंय. मार्च २०२३ संपल्यावर रिटर्नसाठी म्हणून त्याचं लोन स्टेटमेंट मागवलं आणि शेवटच्या ओळीवर माझी नजर थांबली. मार्चचा हप्ता २२,७२२, त्यातलं व्याज २२,३९७, मुद्दल ३२५ रुपये.

तीनशे पंचवीस. गणपती पेठेत चौघं वडापाव चहा करून आली की संपले.

झालं असं होतं की दर रिसेट होत गेला, १ जूनला ७.१०, सप्टेंबरला ८.१०, डिसेंबरला ८.६०, मार्चला ९.२०, आणि बँकेनं हप्ता तसाच ठेवून मुदत ताणली. सुरवातीला हप्त्यातले सहा हजारांच्या जवळपास मुद्दलात जात होते, ते पाच हजार, मग तीन, मग सतराशे, मग ३२५. मी एक्सेल उघडलं आणि २९ लाख २१ हजारांची बाकी ९.२० नं या हप्त्यात कधी फिटेल ते काढलं. ५५६ महिने. शेहेचाळीस वर्षं. सप्टेंबर २०४१ ला संपणारं कर्ज २०६९ ला संपणार, भाऊ तेव्हा ऐंशीचा. बँकेच्या कुठल्याही कागदावर हा आकडा नव्हता, "आपल्या कर्जाची मुदत सुधारित करण्यात आली आहे" असा एक मेसेज आलेला, तो त्यानं बिस्किट कंपनीच्या ऑफरबरोबर डिलीट केलेला.

अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाही. त्यानं जर कर्ज मे २०२२ च्या एक दोन महिने आधी घेतलं असतं, बाकी सगळं तेच, तर बाकी ३० लाखांच्या इतकी जवळ राहिली असती की ९.२० नं नुसतं व्याजच हप्त्याच्या बरोबरीनं किंवा वर गेलं असतं. ३० लाखांवर ९.२० म्हणजे महिन्याला २३ हजार. हप्ता भरत राहायचं आणि कर्ज वाढत राहायचं.

शाखेत गेलो. मॅनेजर साहेब चांगले होते, ते म्हणाले सिस्टीम आपोआप मुदत वाढवते, तुम्ही अर्ज द्या, हप्ता वाढवून घेऊ. मूळ तारखेलाच संपवायचं तर हप्ता २७,४०० च्या आसपास बसत होता, म्हणजे चार हजार सातशे जादा. नुकतंच बहिणीचं लग्न झालेलं, खिसा रिकामा, पण त्यानं दात ओठ खाऊन वाढवला. मी विचारलं हे आधी का नाही विचारलं, तर साहेब म्हणाले कस्टमरला हप्ता वाढलेला आवडत नाही. यात तथ्य आहे. आम्ही पण वर्षभर हप्ता वाढला नाही म्हणून खूशच होतो ना.

आमच्यासारखी घरं देशभर असणार कारण १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर रिसेट होताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं हा पर्याय कर्जदाराला द्यायचा, फिक्स्ड दरावर जायची सोय द्यायची, मुदत ताणताना मुद्दल उलटं वाढणार नाही हे बघायचं, आणि जुन्या कर्जांना पण हे ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचं. आम्हाला पाच महिने उशिरा, पण आलं.

या घराचा पूर्ण हिशोब मांडला तर गिल्ट फंडात साठ पासष्ट हजारांची हुकलेली कमाई, सीसीत पाऊण लाखाच्या आत, आणि होम लोन वेळेत धरलं नसतं तर कित्येक लाख. काकांची झोप गेली सीसीनं, भांडणं झाली एलआयसीच्या २५५ वरनं. आवाज जिथं जास्त होता तिथं नुकसान कमी होतं. फंडाची किंमत रोज मोबाईलवर लाल दिसते, सीसीचं व्याज महिन्याला खात्यातनं कापलं जातं, होम लोन मात्र हप्त्याच्या एका ठरलेल्या आकड्यामागं लपून बसतं.

आज्जीचं राहिलंच. तिची पाच वर्षांची एफडी २०२१ ला केलेली, साडेपाच सहानं, दर वाढले तरी ती तिथंच अडकलेली. २०२३ ला शेजारच्या आज्जींना सात साडेसात मिळताहेत हे तिला देवळात कळलं आणि तिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मोडून नवीन करायची म्हणलं तर दंड. कर्जाचा दर तीन महिन्यांत चढतो आणि ठेवीचा जुना दर मुदत संपेपर्यंत हलत नाही, यावर माझ्याकडं तिला द्यायला उत्तर नव्हतं.

पुढं फेब्रुवारी २०२५ पासून चाक उलटं फिरलं, संजय मल्होत्रा गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच बैठकीत रेपो ६.५० चा ६.२५, एप्रिलला ६.००. भावाचा दर उतरला तसं बँकेनं हप्ता कमी करू का विचारलं, यावेळी चक्क विचारलं, तो म्हणाला नको, २७,४०० च राहू दे. काकांनी या वेळी पुन्हा थोडे पैसे गिल्ट फंडात घातले होते, पाच लाख, पण पेवातले, नातवाच्या शिक्षणाचे.

६ जून २०२५ ला सकाळी दहा वाजता रेपो एकदम अर्धा टक्का कापला, ५.५० केला, आणि सीआरआर पण चार टप्प्यांत एक टक्का कमी करणार म्हणून जाहीर केलं. लोकं पाव टक्का धरून बसलेली. सेन्सेक्स ७४७ अंकांनी वर गेला. काकांचा दुपारी फोन. "आरं एवढा कापला, मग रोख्याचं यील्ड खाली जाऊन माझा फंड उड्या मारायला पाहिजे ना? हितं तर यील्ड उलटं वर चाललंय." मी म्हणलं काका, दर कापला पण त्याचबरोबर धोरणाचा कल बदलून तटस्थ केलाय. पलीकडं जरा वेळ शांत. मागं हमालांचा आवाज, बॉक्स उतरत होते.

"म्हंजे पुढं आता फार कापणार न्हाई असं म्हणाला व्हय त्यो."

"हो."

"मग बरोबर आहे त्यांचं," म्हणाले, आणि फोन ठेवला.